मागे कोण राहणार?

डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन सगळंच बंद होतं. पट्टी निघाल्यावर मी पहिलं काय वाचलं असेल, तर नातवाच्या दप्तरातलं जपानी चित्रांचं पुस्तक! त्याला मांगा म्हणतात. उजवीकडून डावीकडे वाचायचं, पानं शेवटाकडून उलटायची. पहिली दहा पानं मी उलटीच वाचली आणि नातू पोट धरून हसला.

खरं तर मी त्याला रागावायलाच ते पुस्तक हातात घेतलं होतं. "दहावीचं वर्ष आणि हे काय वाचतोस?" तर म्हणाला, "आजी, तू इतिहास शिकवायचीस ना? मग हे तुझ्याच विषयाचं आहे. वाच तरी आधी."

या प्रकाराला 'इसेकाई' म्हणतात, म्हणजे 'दुसरं जग'. आपल्यासारखा एखादा साधा मुलगा अपघातात मरतो आणि राक्षस, जादूगार असलेल्या जगात जाऊन पडतो. तिथे आपल्या शाळेतल्या ज्ञानावर सेनापती होतो. पण नातवाचं पुस्तक जरा वेगळं निघालं. कोउता हिरानो यांचं 'ड्रिफ्टर्स', २००९ पासून मासिकातून येऊ लागलेलं. यात दुसऱ्या जगात जातात ते इतिहासातले खरे योद्धे. ओदा नोबुनागा, शिमाझु तोयोहिसा, इतकंच काय, म्हाताऱ्या वयातले हॅनिबल आणि सिपिओसुद्धा!

आता खरा इतिहास सांगते. २१ ऑक्टोबर १६०० रोजी जपानात सेकिगाहाराची लढाई झाली. तोकुगावा इएयासु जिंकला आणि पुढची अडीचशे वर्षं त्याच्या घराण्याचं राज्य चाललं. हरलेल्या बाजूला सात्सुमाचा सरदार शिमाझु योशिहिरो होता. त्याच्याजवळ माणसं जेमतेम दीड हजार. बाजूचं सैन्य फुटलं, मागची वाट बंद झाली, तेव्हा त्याने जे केलं ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तो शत्रूच्या तोंडावरच चालून गेला आणि फळी फोडून पलीकडे निघाला. पाठलाग सुरू झाला, तशा वाटेत थोड्या थोड्या माणसांच्या टोळ्या मागे ठेवत गेला. त्यांनी रस्त्यात बसून बंदुका झाडायच्या, मग भाले घेऊन भिडायचं आणि मरायचं. ती टोळी संपली की पुढची. याला 'सुतेगामारी' म्हणतात. 'सुते' म्हणजे टाकून देणं.

योशिहिरो घरी पोचला. त्याच्याबरोबर सुमारे ऐंशी माणसं होती. मागे राहून मेलेल्यांत त्याचा पुतण्या तोयोहिसा होता, वय तीस. पाठलाग करणारा ई नाओमासा गोळी लागून जखमी झाला आणि १६०२ मध्ये वारला. मांगाची सुरुवात इथेच होते. रक्ताने माखलेला तोयोहिसा पांढऱ्याशुभ्र बोळात येतो. दोन्हीकडे दारंच दारं आणि मधे टेबलाशी बसलेला एक चष्मेवाला कारकून!

नातू म्हणाला, "पावनखिंडच ना गं?" मी म्हटलं, हो रे, फक्त आपली साठ वर्षांनंतरची.

दुसऱ्या जगात तोयोहिसाला नोबुनागा भेटतो. हा खऱ्या इतिहासात १५८२ साली क्योतोच्या होन्नो-जी मंदिरात स्वतःच्याच सरदाराच्या, आकेची मित्सुहिदेच्या बंडात संपला. थोरला मुलगा नोबुतादाही त्याच दिवशी गेला. नागाशिनोच्या लढाईत (१५७५) नोबुनागाने तीन हजार बंदुकांच्या तीन रांगा आलटून-पालटून झाडल्या, असं सांगतात. आजच्या अभ्यासकांना त्या तीन रांगांबद्दल शंका आहे. पण त्याचं खरं डोकं मला दुसरीकडे दिसतं. बंदुकीच्या दारूला सोरा लागतो आणि जपानात तो फारसा मिळत नव्हता, बाहेरून यायचा. नोबुनागाने १५६९ मध्ये साकाई हे व्यापारी बंदरच ताब्यात घेतलं. मांगातही तो आधी शेणामातीतून सोरा करायच्या मागे लागतो. तलवार परजत बसत नाही.

आणि गोव्याच्या मंडळींसाठी एक गंमत. जपानात बंदूक पोचली १५४३ मध्ये, पोर्तुगीजांबरोबर. सहा वर्षांनी फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून जपानच्या कागोशिमाला उतरला. त्याच्याबरोबर गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला तिथलाच एक जपानी माणूस होता. तिथे त्याला भेट दिली शिमाझु ताकाहिसाने. हा तोयोहिसाचा आजोबा! जग तेव्हाही लहानच होतं म्हणायचं.

मांगातला नोबुनागा स्वतः राजा होत नाही, तोयोहिसाला पुढे करतो. डावपेच आपल्याला कळतात, पण माणसं आपल्यामागे जीव टाकत नाहीत, हे त्याला एकदा मरून कळलेलं असतं. तोयोहिसाला डावपेच फारसे कळत नाहीत. तो सगळ्यांच्या पुढे धावतो, एवढंच.

इथे पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले.

२००६ साली मी मुख्याध्यापिका होते. पटसंख्या घसरली, एक तुकडी बंद झाली आणि एक शिक्षक अतिरिक्त ठरवायचा होता. नियम सेवाज्येष्ठतेचा, म्हणून सर्वांत नवीन बाईंचं नाव गेलं. मुलांना सर्वांत आवडणाऱ्या त्याच होत्या. यादीवर मी सही केली आणि पत्र शिपायाच्या हाती पाठवलं. शेजारच्याच वर्गात त्या शिकवत होत्या, पण उठून जायचं धैर्य मला झालं नाही. नियमाप्रमाणे केलं, अशी आजवर मी स्वतःची समजूत घातली.

मी तीस वर्षं वर्गात मागे राहणाऱ्यांचं शौर्य शिकवलं. मुलांच्या डोळ्यांत पाणी यायचं, मला बरं वाटायचं. पण मागे कोण राहणार हे ठरवणाऱ्याने त्या माणसाला ते कसं सांगितलं असेल, हा प्रश्न मी एकाही उत्तरपत्रिकेत विचारला नाही. योशिहिरोचा पुतण्या मागे राहिला, म्हणजे निदान स्वतःच्या घरातलं माणूस त्या यादीत होतं. मी शिपाई पाठवला.

त्या बाईंचा पत्ता शोधून काल पत्र लिहिलं. सोळा ओळींचंच झालं. पोस्टात मात्र स्वतः जाऊन टाकलं, काठी टेकत टेकत.

असो. नातवाने दुसरा भाग आणून ठेवलाय. आता मी सरळ, म्हणजे उलटं, वाचते.