रक्ताची ठेव : बायकांच्या बाजूनं एक इतिहास



'रक्तदान श्रेष्ठदान' ही पाटी आपण सगळ्यांनीच वाचली आहे. गणपतीच्या मंडपात, शिवजयंतीला, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शिबिर लागतं. पोरं दंडाला पट्टी लावून बाहेर येतात, फोटो काढतात. आपण बायकाही तिथं असतो, पण बहुतेक वेळा चहा-पोहे करायला. रक्त द्यायचं काम बाप्यांचं, असं आपणच मनात धरलेलं असतं.

पण एका माणसाचं रक्त दुसऱ्याला देऊन जीव वाचवायचा, या विचाराची मुळं थेट बाळंतिणीच्या खाटेपर्यंत जातात. आज तोच इतिहास सांगते.

बाळंतिणीसाठी सुरू झालेली धडपड

दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये जेम्स ब्लंडेल नावाचे डॉक्टर होते. बाळंतपणं करणारे. बाळ सुखरूप होतं, पण त्यानंतर अंगावरून रक्त जाणं थांबत नाही आणि बघता बघता बाई पांढरी पडून जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडच्या सुईणींनीही ते पाहिलेलं आहे. ब्लंडेल यांच्या मनात आलं, गेलेलं रक्त परत भरता आलं तर? आधी त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यातून त्यांना कळलं, की जनावराचं रक्त माणसाला चालणार नाही, माणसाला माणसाचंच रक्त पाहिजे. १८१८ साली त्यांनी पिचकारीनं पहिल्यांदा माणसाचं रक्त माणसाला दिलं. १८२९ साली त्यांची एक केस छापून आली. बाळंतपणानंतर रक्तस्रावानं खचलेल्या एका बाईला त्यांच्या मदतनिसाच्या हातातलं सुमारे पाव लिटर रक्त दिलं, आणि ती बाई वाचली.

पण सगळ्याच वाचल्या नाहीत. कुणाला रक्त मानवायचं, कुणी त्यानंच दगावायचं. असं का होतं, हे पुढं सत्तर वर्षं कळलं नाही. ते कोडं सोडवलं व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी. १९०१ साली त्यांनी दाखवून दिलं, की सगळ्यांचं रक्त दिसायला लाल असलं तरी त्याचे गट वेगळे असतात. आज आपण ए, बी, ओ म्हणतो ते हेच. त्यांचा जन्म १४ जूनचा, म्हणून त्या दिवशी जागतिक रक्तदाता दिन पाळतात.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. हे गट जातीचे नाहीत, धर्माचे नाहीत, गावाचे नाहीत. सख्ख्या भावाचं रक्त बहिणीला चालेलच असं नाही, आणि ज्याच्या घरचं पाणी आपली सासू पीत नाही, त्याचं रक्त तिला अगदी जुळू शकतं.

पहिली हाक आणि एक नर्स

मग रक्त द्यायचं कुणी? सुरुवातीला घरचे लोक देत, नाहीतर पैसे घेऊन देणारे. ऑक्टोबर १९२१ मध्ये लंडनच्या एका इस्पितळानं रेडक्रॉसला फोन केला, की एका रोग्याला ताबडतोब रक्त हवं आहे, कुणी येईल का? तिथले सचिव पर्सी ऑलिव्हर आपल्या काही सहकाऱ्यांना घेऊन निघाले. तपासणीत जिचं रक्त जुळलं ती एक नर्स होती, सिस्टर लिनस्टेड. अनोळखी माणसासाठी, एक पैसा न घेता, नुसत्या हाकेवर रक्त दिलं ते एका बाईनं. पुढं ऑलिव्हर आणि त्यांच्या पत्नी एथेल यांनी राहत्या घरातूनच रक्तदात्यांची यादी चालवली. इस्पितळाचा फोन आला, की यादीतल्या माणसाला निरोप जायचा.

तोवर रक्त गोठू नये म्हणून त्यात काय घालायचं याचा शोध लागला होता, त्यामुळं ते साठवता येऊ लागलं. १९३७ साली अमेरिकेत शिकागोच्या एका सरकारी इस्पितळात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी साठवणीची सोय केली आणि तिला नाव दिलं 'ब्लड बँक'. बँक का? तर आधी ठेव ठेवायची, मग काढायची. बचत गटातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. पेटीत आधी कुणीतरी टाकलेलं असेल तरच अडल्या वेळी कर्ज निघतं. फरक एवढाच, की ही ठेव वर्षानुवर्षं पडून राहत नाही. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट अवघे ५ दिवस. म्हणून वर्षातून एकदा मोठं शिबिर घेऊन भागत नाही, ठेव सतत पडत राहावी लागते.

आपल्याकडं काय झालं

आपल्या महाराष्ट्रात ऐच्छिक रक्तदानाची चळवळ रुजवली तीही एका बाईनं. लीला मुळगावकर त्यांचं नाव. १९५४ पासून त्यांनी मुंबईत रक्तदानाच्या मोहिमा सुरू केल्या. रक्त दिलं की माणूस कायमचा खंगतो, असं लोकांना वाटण्याचा तो काळ. १९६३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पुढं त्या मुंबईच्या शेरीफही झाल्या. १९७५ पासून १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

मुंबईनं जगाला एक रक्तगटही दिला आहे. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे काही लोक सापडले, की ज्यांचं रक्त साध्या तपासणीत 'ओ' वाटायचं, पण त्यांना 'ओ' गटाचं रक्त चालत नव्हतं. त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. आपल्या भागात दहा हजारांत साधारण एखादा असा निघतो. त्याला फक्त त्याच्यासारख्याचंच रक्त चालतं. म्हणून हे लोक एकमेकांना धरून असतात, आणि निरोप आला की दूरदूरच्या गावाला जाऊन रक्त देऊन येतात.

दुसरीकडं रक्ताचा बाजारही चालू होता. इस्पितळाच्या आसपास रक्त विकणारे उभे असायचे. पोटाची भूक किंवा व्यसन भागवायला तोच माणूस पुन्हा पुन्हा रक्त द्यायचा. त्याचंही अंग खचायचं, आणि पैशासाठी तो आपला आजार लपवायचा. त्यातून कावीळ पसरायची, पुढं एड्सचंही भय आलं. शेवटी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी १९९६ मध्ये न्यायालयानं निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त द्यायला बंदी आली. आज प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी होते. रक्तपेढी आपल्याकडून जे पैसे घेते ते तपासणीचे आणि साठवणीचे असतात, रक्ताची किंमत म्हणून नव्हे. थॅलेसेमियाच्या रोग्यांना तेही माफ आहेत.

नवऱ्याचं रक्त आणि 'निगेटिव्ह' आई

आणखी एक शोध बाळंतिणीमुळेच लागला. १९३९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका बाईची हकीकत छापली. तिचं बाळ पोटातच गेलं होतं. रक्त फार गेलं म्हणून तिला नवऱ्याचं रक्त दिलं. गट जुळत होता, तरी तिला थंडी भरली, अंग दुखू लागलं, जिवावर बेतलं. मग उलगडा झाला, की रक्तात आणखी एक खूण असते, आपण जिला 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' म्हणतो. आई निगेटिव्ह आणि पोटातलं बाळ बापासारखं पॉझिटिव्ह असलं, तर आईचं अंग त्या रक्ताविरुद्ध उभं राहतं आणि पुढच्या बाळांना धोका होतो. किती सुनांना 'हिची मुलं जगत नाहीत' म्हणून बोल लावला गेला असेल! दोष तिचा नव्हता, कुणाचाच नव्हता.

आता यावर इंजेक्शन आहे. निगेटिव्ह आईला पॉझिटिव्ह बाळ झालं, तर ते बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना त्याबद्दल विचारायचं. हे इंजेक्शन माणसांनी दान केलेल्या रक्तातून बनतं. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन नावाचे गृहस्थ होते. चौदाव्या वर्षी छातीच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये त्यांना अनोळखी लोकांचं रक्त मिळालं होतं. तेव्हाच त्यांनी ठरवलं, की मोठं झाल्यावर आपणही द्यायचं. १९५४ साली, अठरा वर्षांचे झाल्यावर त्यांनी सुरुवात केली. पुढं त्यांच्या रक्तात या औषधाला लागणारा दुर्मीळ घटक सापडला. वयाच्या ८१ व्या वर्षापर्यंत त्यांनी ११७३ वेळा दान केलं. गंमत म्हणजे त्यांना सुईची भीती वाटायची, सुई टोचताना ते तोंड फिरवून बसत.

मी का देते

आता माझं सांगते. माझ्या जाऊबाईच्या दुसऱ्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना. जवळच्या दवाखान्यात तिच्या गटाचं रक्त नव्हतं, रात्रीच जिल्ह्याला न्यावं लागलं. तिथं बदली रक्तदाते आणा म्हणाले. घरात चार बाप्ये. एकाला ताप होता, एकाची आई म्हणाली, "माझा कमावता पोरगा आहे, त्याचं रक्त नका काढू." मी त्या बाईला नावं ठेवत नाही. तिला कुणी कधी समजावून सांगितलंच नव्हतं. शेवटी रक्तपेढीत होत्या त्या दोन पिशव्या मिळाल्या. मी त्या हातात घेऊन जिना चढले. पिशवीवर गट होता, तारीख होती, नंबर होता. नाव नव्हतं. माझी जाऊ आज शेतात माझ्या बरोबरीनं खुरपते, तिची लेक शाळेत जाते, आणि ते रक्त कुणाचं हे आम्हाला कधीच कळणार नाही. ज्याचे उपकार फेडायला घर माहीत नाही, त्याचं देणं फेडायचं तर तिसऱ्याच कुणाला तरी द्यावं लागतं. माझं कारण एवढंच.

पुढच्या शिबिरात मी रांगेत उभी राहिले. बोटाला टोचून तपासलं, हिमोग्लोबिन निघालं १०.४. रक्त द्यायला किमान १२.५ लागतं. मला परत पाठवलं. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की सकाळी उठल्यापासून जो थकवा वाटतो तो कामाचा नाही, रक्त कमी असल्याचा आहे. आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या घेतल्या. जेवणावर लगेच चहा पिणं सोडलं, पालेभाजीवर लिंबू पिळायला लागले. सहा महिन्यांनी १२.८ झालं आणि रक्त दिलं. दहा मिनिटांचं काम. सुई टोचताना मुंगी चावल्यागत होतं, तेवढंच.

आमच्या भागातल्या एका ताईच्या लेकीला थॅलेसेमिया आहे. दर तीन-चार आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं. ती ताई प्रत्येक शिबिरात येते आणि म्हणते, "उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, तेव्हा शिबिरं घ्या हो, तेव्हाच रक्त मिळत नाही." मजुरीला जाणाऱ्या दुसऱ्या एकीला मी विचारलं, तू का देतेस? ती म्हणाली, "देवळाला वर्गणी द्यायला पैसा नसतो. हे मात्र माझं स्वतःचं आहे, कुणाला विचारावं लागत नाही."

कोणी द्यावं, कोणी नको

वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त. गरोदरपणात, बाळ अंगावर पीत असताना, बाळंतपणानंतर वर्षभर आणि पाळी चालू असताना देऊ नये. पुरुष तीन महिन्यांनी देऊ शकतात, बायकांनी चार महिने थांबावं. साधारण ३५० मिली रक्त घेतात. त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, लाल पेशी भरायला काही आठवडे जातात. उपाशीपोटी जाऊ नये, आणि दिल्यावर पंधरा मिनिटं तरी बसून राहावं.

ज्यांना देता येत नाही त्यांनी कमीपणा मानू नका. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आपण शिबिरात दिसत नाही त्याचं एक मोठं कारण हे आहे, मनाची तयारी नाही हे नव्हे. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची आपली रीतच तिथं रांगेत आडवी येते. आणि जिचं रक्त आधीच कमी, तिला बाळंतपणात थोडाही रक्तस्राव सोसत नाही. म्हणजे रक्त लागण्याची पाळी आपल्यावर जास्त, आणि देण्याची ताकद मात्र कमी.

म्हणून माझी एक सूचना आहे. पुढच्या मासिक बैठकीला आशाताईंना किंवा नर्सबाईंना बोलवा. सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, रक्तगटही करून घ्या, आणि हप्त्याच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढं दोन्ही लिहून ठेवा. जिचं साडेबाराच्या वर आहे तिनं शिबिराला नाव द्यावं. जिचं खाली आहे तिनं गोळ्या सुरू कराव्यात आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. गावात गरोदर बाई निगेटिव्ह असेल तर तिच्या घरच्यांना त्या ७२ तासांचं आधीच सांगून ठेवावं. आपल्या वहीत आजवर पैशांचा हिशेब राहिला. आता हाही हिशेब त्याच वहीत ठेवू.