प्राथमिक डीएनएस सर्व्हरचे स्थलांतर
डीएनएस सर्व्हर हलवताना नावाचा झोन (नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदी) मालकाच्या हाती असतो, उलट झोन (पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या नोंदी) मात्र सहसा आयपी पत्ते देणाऱ्याच्या; खरी अडचण तिथेच. उलट झोन कसा बनतो हे समजायला आधी पिनकोड पाहा: शिरूर ४१२२१०, दौंड ४१३८०१. तालुके शेजारी, पण तिसऱ्याच अंकाला वाटा फुटतात. आयपी पत्ताही असाच मोठ्याकडून लहानाकडे वाचतात, डोमेन नाव उलटे, म्हणून १९२.०.२.१० ची उलट नोंद १०.२.०.१९२ अशी, पुढे ‘इन-ॲडर.आर्पा’ लावून होते. कार्यालय शिरूरहून दौंडला नेताना सेवा पुरवठादार बदलला, की पत्ते बदलतात आणि जुना उलट झोन निरुपयोगी ठरतो. उलट नोंदीवाचून संकेतस्थळ चालतेच, हा आक्षेप खरा. पण अनेक मेल सर्व्हर अशा पत्त्यावरून आलेला ई-मेल नाकारतात. टीटीएल, म्हणजे नोंद साठवून ठेवण्याची मुदत, ८६४०० सेकंद असेल तर स्थलांतराच्या निदान एक दिवस आधी ३०० वर आणावा. नोंद बदलल्यावर झोनचा अनुक्रमांक वाढवायला विसरले, तर दुय्यम सर्व्हर जुनीच नोंद कवटाळून बसतो.