टेल्युरियम आणि आयोडीन : जागा बरोबर, कारण चूक (#थ्रेड)

१/
शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर टांगलेल्या आवर्तसारणीतील ५२ आणि ५३ क्रमांकांची घरे पाहावीत. टेल्युरियमचा अणुभार १२७.६ आणि त्यानंतर येणाऱ्या आयोडीनचा १२६.९. जड आधी, हलके नंतर. विशेष म्हणजे, मूलद्रव्यांना अणुभाराच्या क्रमाने बसवणाऱ्या दिमित्री मेंडेलीव्हनेच ही अदलाबदल करून ठेवली होती.

२/
१८६० साली जर्मनीतील कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तोवर एकाच मूलद्रव्याचा अणुभार निरनिराळे शास्त्रज्ञ निरनिराळा धरीत. इटलीच्या कान्निझारोने तो ठरवण्याची सुसंगत रीत तेथे मांडली. श्रोत्यांत तरुण मेंडेलीव्हही होता. मापच पक्के नसेल, तर क्रम लावायचा कशाचा?

३/
माप हाती आल्यावर प्रयत्न अनेकांनी केले. लंडनच्या न्यूलँड्सने १८६६ मध्ये केमिकल सोसायटीपुढे सांगितले, की दर आठव्या मूलद्रव्यापाशी गुणधर्मांची पुनरावृत्ती होते. त्यावर ‘मूलद्रव्ये वर्णानुक्रमाने लावून पाहिलीत का?’ अशा आशयाचा खोचक प्रश्न सभेत आला. टवाळी सोडली, तर प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. अणुभाराचाच क्रम खरा कशावरून?

४/
१८६९ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे पाठ्यपुस्तक लिहिताना मेंडेलीव्हने आपली सारणी रचली. तेव्हा ६३ मूलद्रव्ये ठाऊक होती. अणुभार चढता ठेवायचा आणि सारख्या स्वभावाची मूलद्रव्ये एका रांगेत आणायची, अशी दुहेरी अट. टेल्युरियमपाशी या दोन अटी एकमेकींवर आदळल्या. अणुभार ऐकावा, तर ते क्लोरीन-ब्रोमीनच्या कुळात जाऊन बसते, आणि त्या कुळाचे आयोडीन गंधकाच्या घरी येते. मेंडेलीव्हने स्वभावाचे ऐकले. टेल्युरियमच्या १२८ या आकड्यापुढे मात्र त्याने प्रश्नचिन्ह घातले. १८७१ च्या सारणीत तर तो आकडा त्याने सरळ १२५ वर आणला.

५/
हे धाडस आंधळे नव्हते. युरेनियमचा अणुभार त्याने १२० वरून २४० केला होता आणि तो योग्यच ठरला. अज्ञात मूलद्रव्यांसाठी रिकाम्या जागा ठेवून त्यांना ‘एका-ॲल्युमिनियम’, ‘एका-सिलिकॉन’ अशी नावे दिली (हा ‘एक’ आपलाच, संस्कृतातला). १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्राँला गॅलियम सापडले. त्याने घनता मोजली ती ४.७. मेंडेलीव्हने कळवले, की ती ५.९ च्या आसपास हवी. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजली, तेव्हा ५.९ च भरली. धातू ज्याच्या हातात होता तो चुकला, आणि ज्याने तो पाहिलाही नव्हता तो बरोबर निघाला!

६/
मग टेल्युरियमही नमेल, असे मेंडेलीव्हला वाटले तर नवल नाही. प्रागच्या ब्राउनरने त्याच्या अणुभारापायी वर्षे घालवली. आकडा आयोडीनच्या खाली येईना. १८९४ मध्ये आर्गॉन सापडला, तोही पोटॅशियमहून जड. १९०७ मध्ये मेंडेलीव्ह वारला, तेव्हा हे कोडे तसेच होते.

७/
ते सुटले मँचेस्टरला, रदरफर्डच्या प्रयोगशाळेत. १९१३ मध्ये हेन्री मोझलीने एकेका मूलद्रव्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यातून निघणारे क्ष-किरण मोजले. त्यांच्या वारंवारतेचे वर्गमूळ दर मूलद्रव्यागणिक समान पायरीने वाढत होते. कोबाल्ट निकेलहून किंचित जड, तरी या पायऱ्यांवर ते निकेलच्या आधीच आले. म्हणजे क्रम वजनाचा नव्हताच. तो अणुकेंद्रावरील धनप्रभाराचा, म्हणजे अणुअंकाचा होता. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३.

८/
टेल्युरियम जड का, याचे उत्तर पुढे समस्थानिकांनी दिले. निसर्गातील टेल्युरियमचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग १२८ आणि १३० वस्तुमानांकांचा असतो. आयोडीन सारे १२७ चे. म्हणजे मेंडेलीव्ह ज्या मापनावर अविश्वास दाखवत होता ते चोख होते. अपुरा होता तो त्याचा स्वतःचा नियम. तरीही जागा त्याने अचूक दिली होती.

९/
मोझलीच्या मोजणीत ४३, ६१ आणि ७५ ही घरे रिकामी राहिली. महायुद्ध सुरू होताच तो ब्रिटिश सैन्यात दाखल झाला आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोली येथे मारला गेला, वयाच्या २७ व्या वर्षी. ७५ वे घर १९२५ मध्ये ऱ्हेनियमने भरले, ४३ वे १९३७ मध्ये टेक्नेशियमने आणि ६१ वे १९४५ मध्ये प्रोमेथियमने.