पडद्यावरचा गुप्तहेर कोणाचा?

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर गुप्तहेरांचा विषय आणलेला पाहून काही श्रोत्यांना नवल वाटेल. इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि थोर पुरुष असा आपला रिवाज. दापोलीच्या आसमंतात तर अशा विषयांना तोटा नाही. हर्णैला सुवर्णदुर्ग समुद्रात उभा आहे, आणि महर्षी कर्वे व महामहोपाध्याय काणे ही दोन भारतरत्ने याच परिसरात लहानाची मोठी झाली. पण जी गोष्ट लाखो माणसे पिढ्यानपिढ्या पदरचे पैसे मोजून पाहतात, तिलाही इतिहास असतो. गुप्तहेराच्या चित्रपटांना तो आहे, आणि त्यात तुमच्याआमच्या हिताचा एक प्रश्न दडलेला आहे. हा पडद्यावरचा गुप्तहेर नेमका कोणाचा माणूस? त्याचा पगार कोण देतो, आणि त्याने खणून काढलेले सत्य कोणाच्या पदरात पडते?

आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. शाळा लवकर सुटली. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, एस.टी.च्या फलाटावर आणि मागून आणलेल्या पुस्तकांतून. त्यामुळे कोणताही शूर पुरुष समोर आला की त्याचा धनी कोण, हे आधी पाहण्याची आम्हांला खोड आहे. त्या खोडीनेच हा इतिहास सांगणार आहोत.

गुप्तहेर आणि चित्रपट जवळजवळ एका वयाचे. शेरलॉक होम्स पुस्तकात अवतरला १८८७ साली. लुमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईत वॉटसन हॉटेलात दिसली ७ जुलै १८९६ रोजी. आणि १९०० साली अमेरिकेत होम्सचे पहिले हलते चित्र निघाले, तेही जेमतेम अर्ध्या मिनिटाचे. त्यात चोर घटकेत दिसतो, घटकेत नाहीसा होतो, आणि होम्स बिचारा बावचळून पाहत राहतो. म्हणजे पडद्यावरच्या पहिल्या गुप्तहेराची फजितीच झाली म्हणायची! पुढे मात्र त्याने भरपाई केली. एली नॉरवुड या नटाने १९२१ ते १९२३ या काळात ४७ मूकपटांत होम्स उभा केला. बोलपटांत बॅसिल रॅथबोन याने १९३९ ते १९४६ पर्यंत १४ वेळा ती भूमिका वठवली. २०१२ साली गिनीजच्या विक्रमपुस्तकाने मोजदाद केली, तेव्हा चित्रपट आणि दूरचित्रवाणी मिळून होम्स २५४ वेळा अवतरला होता.

होम्सची मोहिनी कशात आहे? बुद्धीत आहे, हे खरेच. पण तो कोणाचा चाकर नाही, यातही आहे. पोलीस त्याच्या दारी येतात, राजे येतात, आणि साधी शिकवणी करणारी मुलगीही येते. पण हाच होम्स १९१४-१५ साली 'व्हॅली ऑफ फिअर' या कादंबरीत आला, तेव्हा चित्र पालटले. तिचा अर्धा भाग अमेरिकेतल्या कोळसाखाणींत घडतो. तिथे पिंकर्टन या खाजगी हेरसंस्थेचा माणूस खाणकामगारांच्या गुप्त मंडळात शिरतो आणि त्यांना फासाकडे नेतो. लेखकाने तो वीर म्हणून रंगवला आहे. या कथेमागे खरी घटना होती. पेनसिल्व्हेनियाच्या खाणींत जेम्स मॅक्पार्लंड हा पिंकर्टनचा हेर आयरिश कामगारांत मिसळला, आणि १८७७ ते १८७९ या काळात २० माणसे फासावर गेली. १९३५ साली या कादंबरीवर इंग्लंडात चित्रपट निघाला. हीच हकीकत १९७० साली 'द मॉली मॅग्वायर्स' या चित्रपटात पुन्हा आली, पण त्यातल्या हेराच्या विजयाला विश्वासघाताची कडू चव आहे. त्याचे दिग्दर्शक मार्टिन रिट आणि लेखक वॉल्टर बर्नस्टीन या दोघांनाही अमेरिकेतल्या काळ्या यादीच्या दिवसांत कामावाचून बसावे लागले होते. घटना तीच, पण सांगणारा बदलला तेव्हा हेराचा चेहराही बदलला.

पिंकर्टनचे नाव अमेरिकेतल्या कामगारांना चांगलेच ठाऊक होते. १८९२ साली होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातला लढा मोडण्यासाठी मालकांनी पिंकर्टनचे ३०० माणसे नदीतून आणली, चकमक झाली, दोन्ही बाजूंची माणसे मेली. याच पिंकर्टनमध्ये पुढे डॅशिएल हॅमेट नावाचा एक तरुण नोकरीस होता. १९२२ साली त्याने ती नोकरी सोडली आणि लेखणी धरली. १९३० साली पुस्तकरूपाने आलेल्या त्याच्या 'माल्टीज फाल्कन'वर तीनदा चित्रपट निघाले. त्यांतला १९४१ चा, जॉन ह्यूस्टनचा, आजही पाहिला जातो. त्यातला सॅम स्पेड काही संत नव्हे. पण धंद्यातल्या साथीदाराचा खून झाला, तर तो आवडो न आवडो, खुन्याला सोडायचे नाही, एवढे एक व्रत तो पाळतो. स्वतःचे मन जिच्यात गुंतले तिलाही तो पोलिसांच्या हवाली करतो. आम्हां युनियनवाल्यांना हे व्रत ओळखीचे वाटते. हॅमेट स्वतः १९५१ साली तुरुंगात गेला तो याच जातीच्या कारणाने. एका जामीन निधीला पैसे देणाऱ्यांची नावे न्यायालयाने विचारली आणि त्याने ती सांगितली नाहीत. एके काळी मालकांच्या हेरसंस्थेत राबलेला मनुष्य अखेरीस खबर न देण्यासाठी कैद भोगतो, याहून मोठी रहस्यकथा ती कोणती!

आता आपल्याकडे या. आपल्याकडे 'सी.आय.डी.' हा शब्द सामान्य माणसाने प्रथम ऐकला तो करमणुकीसाठी नव्हे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला. त्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे हजारोंनी होती. पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२९ रोजी, देशभर धरपकड होऊन मीरतचा खटला उभा राहिला. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे यांच्याबरोबर आळवे आणि कासले हे गिरणीतून वर आलेले पुढारीही आरोपी होते. त्या खटल्यात पुरावा म्हणून आली ती पोलिसांनी सभांत बसून टिपलेली भाषणे आणि टपालात उघडलेली पत्रे. सभेच्या कोपऱ्यात वही घेऊन बसलेला मनुष्य, हा आपल्या कामगाराने पाहिलेला पहिला गुप्तहेर. शिवकाळातल्या बहिर्जी नाइकांबद्दल जी माया महाराष्ट्राला वाटते, ती या वहीवाल्याच्या वाट्याला कशी यावी? बहिर्जी आपला होता, हा सरकारचा होता.

म्हणून मराठी वाचकाला गुप्तहेर हवाहवासा वाटायला लागला तो बाबूराव अर्नाळकरांमुळे, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. १९९६ साली ते वारले तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा होत्या. त्यांचे धनंजय आणि छोटू होम्स-वॉटसनच्या वळणाचे, पण लोकांच्या ओठांवर राहिले ते झुंजार आणि काळापहाड. हे दोघे पोलिसांच्या नोकरीत नव्हते. कायद्याची वेस ओलांडून ते गब्बर दुर्जनांना वठणीवर आणीत. चाळीतल्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांनी या पुस्तिका आळीपाळीने वाचल्या, आणि हर्णै-दाभोळच्या बोटीने गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या वळकटीतून त्या कोकणात उतरल्या. ज्याला मालक, मुकादम आणि सावकार यांपैकी कोणालाच जाब विचारता येत नाही, त्याच्या वतीने जाब विचारणारा झुंजार होता.

पुस्तकांच्या या डोंगरातले मराठी पडद्यावर मात्र फारच थोडे आले. याचे कारण आमच्या समजुतीप्रमाणे पैशात आहे. मोटारींचे पाठलाग, टेलिफोन, रात्रीची मुंबई, हा सारा खर्चाचा मामला. मराठी निर्मात्याची मिळकत तमाशापट आणि कौटुंबिक चित्रपटांवर होती. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या एकाच चित्रगृहात १३१ आठवडे चालला, तेव्हा निर्मात्याने गुप्तहेराच्या मागे कशाला धावावे? ते काम मुंबईच्या हिंदी चित्रपटाने केले, आणि मराठी माणसाने तो गुप्तहेर तिथेच पाहिला.

त्यांत १९५६ चा 'सी.आय.डी.' हा मैलाचा दगड. निर्माते गुरुदत्त, दिग्दर्शक राज खोसला, आणि इन्स्पेक्टर शेखरच्या भूमिकेत देव आनंद. एका बड्या धेंडाचे काळे धंदे छापायला निघालेल्या संपादकाचा खून होतो, तिथून कथा सुरू होते. खुनाचा धागा पोलिसांना मिळतो तो जॉनी वॉकरने रंगवलेल्या एका खिसेकापूकडून. पुढे आरोपी कोठडीत मरतो आणि बालंट येते ते इन्स्पेक्टरवरच. तपास करणाराच आरोपी झाला, आणि खरा गुन्हेगार प्रतिष्ठितांच्या पंगतीत बसलेला! मीरतनंतर सत्तावीस वर्षांनी, स्वराज्यात, लोकांनी 'सी.आय.डी.' या अक्षरांना टाळ्या वाजवल्या. कारण हा इन्स्पेक्टर धनिकाच्या दबावाला बधत नव्हता. आपले सरकार आले, आता आपला पोलीसही असा असेल, ही त्या टाळ्यांतली आशा होती. ती किती फळली, हे ज्याने त्याने आपल्या अनुभवावरून ठरवावे. पडद्याने मात्र लवकरच गुप्तहेराची थट्टाही आरंभली. १९६२ च्या 'बीस साल बाद'मध्ये असित सेनने उभा केलेला गोपीचंद हा हेर तर निव्वळ हसवण्यासाठी होता.

मराठीत तपासाचे काम वकिलाच्या झग्यात आले. १९६४ साली राजा परांजपे यांनी जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर 'पाठलाग' काढला. त्यातले वकील म्हणजे आपल्या जिल्ह्यातले, चिपळूणचे काशिनाथ घाणेकर. मृत पत्नीसारखी हुबेहूब दिसणारी स्त्री आरोपी म्हणून समोर येते, आणि वकिलाला आपल्याच घराचा शोध घ्यावा लागतो. राज खोसला यांनीच १९६६ साली त्यावरून हिंदीत 'मेरा साया' केला. म्हणजे हिंदीकडे नुसते पाहत बसलेल्या मराठीने हिंदीला एक रहस्य दिलेही.

यानंतर काळ बदलला. २०१३ साली निखिल महाजन यांचा 'पुणे ५२' आला. कथा १९९२ सालची, बाजार खुले होण्याच्या दिवसांतली. गिरीश कुलकर्णी यांनी उभा केलेला अमर आपटे हा खाजगी गुप्तहेर दुसऱ्यांच्या संसारातल्या चोऱ्या शोधून पोट भरतो आणि घरखर्चाची तोंडमिळवणी करताना मेटाकुटीला येतो. पडद्यावरचा गुप्तहेर इथे प्रथमच आम्हांला कामगार दिसला, तोही कामावर पैसे मिळणारा, हक्काची रजा नसलेला. ज्याच्या हातात पैसा त्याचे काम करायचे, अशी पाळी आली की तपासाची अब्रू कशी जाते, हे त्यात उघडे पडते.

दोन वर्षांनी, २०१५ साली, निशिकांत कामत यांनी मल्याळम चित्रपटावरून हिंदी 'दृश्यम' केला आणि तो गोव्यात घडवला. चौथी नापास झालेला केबलवाला विजय साळगावकर आपल्या बायकामुलींना वाचवण्यासाठी साऱ्या पोलीस खात्याला चकवतो, आणि तेही चित्रपट पाहून मिळवलेल्या अकलेवर. चित्रगृहातली माणसे तपास करणाऱ्यांच्या बाजूने नव्हती, लपवणाऱ्याच्या बाजूने होती. १९५६ च्या टाळ्या आणि २०१५ च्या टाळ्या शेजारी ठेवून पाहा. मधल्या साठ वर्षांत सामान्य माणसाचा चौकशीवरचा विश्वास किती झिजला, याचे याहून चांगले मोजमाप आम्हांला ठाऊक नाही.

आणि हे मोजमाप हसण्यावारी नेण्याजोगे नाही. काही वर्षांमागे आमच्या जिल्ह्यातल्या एका कारखान्यात रात्रपाळीचा कामगार यंत्रात सापडून दगावला. चौकशीच्या कागदावर एकच ओळ होती: कामगाराचा निष्काळजीपणा. आम्ही दोघे-तिघे तीन आठवडे हिंडलो. मस्टर पाहिले, तर त्याची ती सलग दुसरी पाळी. दुरुस्तीच्या वहीत यंत्राची संरक्षक जाळी काढल्याची नोंद होती, परत बसवल्याची नव्हती. कँटीनमधल्या वाढप्याला आठवत होते, की त्या रात्री तो जेवायलाच आला नव्हता. या तीन गोष्टी एकमेकींशेजारी मांडल्या आणि ती एक ओळ पुसली गेली. त्याच्या बायकोला भरपाई मिळाली. यात पाठलाग नव्हता, पिस्तूल नव्हते. पायपीट होती, आणि बोलायला घाबरणाऱ्या माणसांच्या ओटीवर तासन्‌तास बसणे होते. चित्रपट तीन तासांत उरकतो म्हणून ही मेहनत कापून टाकतो. पाहणाराला वाटते, सत्य एका हुशार माणसाच्या डोक्यातून एकदम निघते. प्रत्यक्षात ते पुष्कळ साध्या माणसांनी जपलेल्या तुकड्यांतून जुळते.

म्हणूनच २०१७ साली पडद्यावर आलेल्या 'फास्टर फेणे'चे आम्हांला अप्रूप वाटते. भा. रा. भागवतांनी मराठी मुलांना दिलेला हा फुरसुंगीचा बनेश फेणे. दूरदर्शनवर सुमीत राघवन यांनी पूर्वी तो साकारला होता. आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात अमेय वाघने तो तरुण केला, आणि भागवतांच्याच भूमिकेत दिलीप प्रभावळकर आले. वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला एक मुलगा मरतो आणि आत्महत्या म्हणून प्रकरण मिटवले जाते. एका भेटीची ओळख, पण फेणे ते मिटू देत नाही, आणि परीक्षांचा बाजार मांडणाऱ्या माणसापर्यंत जाऊन पोहोचतो. गंमत अशी, की तो बाजार मांडणारा रंगवला आहे 'पुणे ५२'मध्ये गुप्तहेर झालेल्या गिरीश कुलकर्णी यांनीच. फेणेला कोणी नेमलेले नाही आणि कोणी पैसे दिलेले नाहीत. आपल्यासारखाच एक मुलगा गेला आणि त्याच्या मरणावर खोटी ओळ लिहिली गेली, एवढेच त्याला पुरते.

पिंकर्टनचा हेर मालकाचा होता, मीरतचा सरकारचा, झुंजार वाचकांच्या स्वप्नातला आणि अमर आपटे गिऱ्हाइकाचा. फेणे मेलेल्या मित्राचा आहे. गुप्तहेरांच्या या साऱ्या वंशावळीत आम्ही त्यालाच सर्वांत थोर मानतो. यापुढे गुप्तहेराचा चित्रपट पाहायला जाल तेव्हा खुनी कोण हे अवश्य ओळखा, तो आनंद आम्हीही सोडत नाही. पण तपास करणारा कोणाचा, हेही एकदा विचारा. आणि आपल्या गावात, आपल्या कारखान्यात, आपल्या बंदरावर एखाद्या गरिबाच्या मरणावर अशी एक ओळ लिहिली गेली, तर ती खरी आहे का, हे पाहायला आपल्यापैकी कोण जाणार, हेही घरी जाताना ठरवून टाका.