एका पौर्णिमेचे दोन सण

होळी पेटली की पनवेलला आमच्या आजीचे डोळे रस्त्याकडे लागायचे. कल्हईवाला यायला हवा. पुढच्या पौर्णिमेच्या आत तांब्या-पितळेची सगळी भांडी लखलखीत झाली पाहिजेत, भिंतींना चुना लागला पाहिजे आणि घरात खमिराचा कणही उरता कामा नये. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे, म्हणून कोकणात ‘शनवार तेली’. सणांची नावंही आम्ही इथलीच ठेवली. पुरीम फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येतो, म्हणून तो होळीचा सण. आणि पेसाह, ज्याला मराठी बायबल वल्हांडण म्हणतं, तो ‘अनाशी ढाकाचा सण’. आंबट कालवणाचं मडकं तेवढे आठ दिवस झाकून ठेवायचं. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी लिहिलेल्या आमच्या समाजाच्या इतिहासात हे नोंदवून ठेवलंय. का झाकायचं हे पिढ्यान्‌पिढ्या कुणाला सांगता येत नव्हतं, पण झाकणं चुकलं नाही.

आजी सांगायची, तिच्या आजोळी सणाच्या संध्याकाळी बकऱ्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर पंजा उठवत आणि तो कागद दारावर चिकटवत. मिसरातल्या त्या रात्री कोकराचं रक्त चौकटीला लावलेली घरं ओलांडून मृत्यू पुढे गेला, त्याची ही आठवण. लहानपणी मला त्या पंजाची भीती वाटे. आजी म्हणायची, “अरे, तो आपल्याला घाबरवायला नाही, दुसऱ्याला घाबरवायला आहे.”

पुढे आम्ही नेरूळला राहायला आलो. शेजारच्या काकू कॅथलिक, माहेर वसईचं. दुपारी दोघींच्या गप्पा रंगत. एकदा काकू म्हणाल्या, “आजी, तुमचं ते कोकरू म्हणजेच आमचा येशू हो.” आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “कोकरू आम्ही आणलं, कापलं आम्ही, खाल्लंही आम्ही. तुमचा येशू त्यात कधी शिरला?” काकू मनापासून हसल्या. वाद तिथेच मिटला, पण मला तो चिकटला.

उत्तर बाबांकडे होतं, कारण आमच्या घरात मराठी नवा करार होता. तो पाद्र्यांच्या शाळेतून आलेला. मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले, 1832 मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. त्यांना आमची माणसं ख्रिस्ती व्हायला हवी होती. आमची माणसं हिब्रू शिकली आणि मशिदीत जाऊन बसली. आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणतो. पनवेलचं बेथ एल 1849 चं. बाबांच्या मते इतका घाट्याचा सौदा कुठल्याही मिशनने केला नसेल.

तो नवा करार उघडून बाबा दाखवत. मत्तय, मार्क आणि लूक सांगतात, येशूचं शेवटचं जेवण हे वल्हांडणाचंच जेवण. योहानाचा हिशेब एक दिवस अलीकडचा: येशूला वधस्तंभावर चढवलं ते सणाच्या आदल्या दिवशी, म्हणजे मंदिरात कोकरं कापली जात होती त्याच दिवशी. म्हणूनच त्याचं हाड मोडलं नाही, असं योहान मुद्दाम लिहितो. वल्हांडणाच्या कोकराचं हाड मोडू नये हा निर्गमातला नियम. लिहिणारा यहुदी होता, वाचणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं.

आणि येशूचं पुनरुत्थान? त्याची गोष्ट शेतातली आहे. सणाच्या दिवसांत जवाची पहिली पेंढी मंदिरात आणून देवापुढे ओवाळायची. ती ओवाळेपर्यंत नव्या पिकाचा दाणा तोंडात घालायचा नाही. पौल करिंथकरांना लिहितो की ख्रिस्त हा मेलेल्यांतलं पहिलं पीक, म्हणजे मागचं सगळं शेत उभं आहे. कोकणात हे कुणाला फोडून सांगायला नको, नवं काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. फक्त आमचं नवं भाताचं, ते आश्विनात येतं. म्हणून आमच्याकडे रोश हाशानाला, म्हणजे यहुदी नववर्षाला, नव्याचा सण म्हणतात, त्यामागून नव्या तांदळाच्या खिरीचा सण येतो. जवाची पेंढी मंदिरातच राहिली.

ती पेंढी नेमकी कधी ओवाळायची यावर मात्र त्या काळच्या दोन यहुदी पंथांची, परुशी आणि सदूकी यांची, जुंपलेली. सदूकी म्हणत, शब्बाथानंतरच्या रविवारी. परुशी म्हणत, सणाच्या पहिल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी, वार कुठलाही असो. योहानाचं कालगणित धरलं तर त्या वर्षी सणाचा पहिला दिवस शनिवारीच येतो आणि दोघांचा रविवार जुळतो. गंमत अशी की रविवारचा आग्रह धरणारे सदूकी मेलेले उठतात हे मुळीच मानत नसत. ती आशा परुश्यांची होती, आणि आमच्या रोजच्या प्रार्थनेत मेलेल्यांना जिवंत करणाऱ्या देवाची स्तुती आजही आहे.

अलीकडे काही चर्चमध्ये सेदेरचं, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या जेवणाचं, ताट मांडून त्यातला एकेक पदार्थ येशूकडे कसा बोट दाखवतो ते समजावतात. मला ते रुचत नाही. आजचा सेदेर, त्याचे चार प्याले, त्याचे प्रश्न हे बरंचसं इसवी सन 70 मध्ये मंदिर पडल्यानंतर रब्बींनी बांधलं. येशूच्या पानावर ते तसंच्या तसं वाढलेलं नव्हतं. आमचा सण म्हणजे दुसऱ्या कुणाच्या गोष्टीची प्रस्तावना नव्हे. आमच्या हगादातच, म्हणजे सेदेरला वाचायच्या पोथीतच, बघा: 1874 साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादात नऊवारीतल्या बायका बिनखमिराच्या रोट्या करताना दाखवल्या आहेत. त्यांना मिसरातून सुटायचं होतं, एवढंच.

पण ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेला एकदा काकूंबरोबर गेलो तेव्हा चकित झालो. अंधारात मोठी मेणबत्ती आली, मग जुन्या करारातली वाचनं सुरू झाली. त्यातलं एक कधीच वगळता येत नाही म्हणे: तांबडा समुद्र दुभंगला, इस्राएल कोरड्या पायांनी पार झाले. आणि आमच्याकडे पेसाहच्या आठवड्यातल्या शब्बाथाला काय वाचतात? यहेज्केलचं दर्शन. खोरंभर वाळकी हाडं, त्यांवर मांस चढतं, वारा शिरतो, ती उभी राहतात. म्हणजे पुनरुत्थानाच्या रात्री ते आमची सुटका वाचतात आणि सुटकेच्या सणात आम्ही पुनरुत्थान. पाद्र्यांनी हे आजीला सांगितलं असतं तर तिने निदान तांदळातून मान वर केली असती.

तारखा मात्र माणसांनी तोडल्या. आशिया मायनरमधले पहिले ख्रिस्ती यहुदी पंचांगाच्या निसान 14 लाच, म्हणजे वल्हांडणाच्या तिथीलाच, सण करत. 325 मध्ये निकेयाच्या परिषदेने ठरवलं की यहुद्यांच्या पंचांगावर विसंबायचं नाही, सगळ्यांनी एकाच रविवारी ईस्टर करायचा. यहुदी पंचांग आपल्यासारखंच, चंद्राचे महिने आणि 19 वर्षांत 7 अधिक मास. 2024 मध्ये तारखांचं हे तुटणं ठळक दिसलं. ईस्टर 31 मार्चला झाला, तेव्हा होळीची राख जेमतेम गार झाली होती. पेसाह 22 एप्रिलच्या संध्याकाळी लागला, दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती. काकूंची मार्झिपानची अंडी संपून तीन आठवडे झाले होते आणि आमच्याकडे नुकताच खजूर शिजत होता. 2025 ला पेसाहची संध्याकाळ आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, 12 एप्रिलला, आणि ईस्टर लगेच पुढच्या आठवड्यात, 20 ला. त्या वर्षी काकूंना त्यांची अंडी आमच्या सणाच्या आत द्यायला सुचवलं, तर म्हणाल्या, “चाळीस दिवसांचा उपास मोडू का तुमच्यासाठी?”