ताण : एका कल्पनेचा इतिहास

शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीत दहा मिनिटे बसले, तरी 'ताण' हा शब्द दोन-चार वेळा कानावर पडतो. पेपर तपासण्याचा ताण, पोर्शन पुरा करण्याचा ताण, घरी आजारी सासूबाईंचा ताण, मुलांना परीक्षेचा ताण. हा शब्द इतका सरावाचा झाला आहे, की तो पूर्वीपासूनच असाच वापरात असावा असे वाटते. प्रत्यक्षात या अर्थाने तो शरीरशास्त्रात येऊन शंभर वर्षेही झालेली नाहीत. त्याआधी माणसे दमत होती, चिडत होती, काळजीने झुरत होती. पण या सगळ्यांच्या मुळाशी शरीरातील एकच यंत्रणा असेल, असे कुणाला वाटले नव्हते. ही कल्पना कशी उभी राहिली, तिच्यात काय चुकले आणि ते कसे दुरुस्त होत गेले, हे या लेखात आपण पाहणार आहोत. हा इतिहास माहीत असला, तर ताणाविषयी मिळणाऱ्या असंख्य सल्ल्यांपैकी कोणता घ्यायचा हे ठरवणे सोपे जाते, असे आम्हाला वाटते.

मांजराचे पोट

१८९५ साली राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन हा वैद्यकाचा विद्यार्थी या किरणांच्या साहाय्याने पचनक्रिया पाहू लागला. प्राण्याला बिस्मथचा क्षार मिसळलेले अन्न द्यायचे. बिस्मथमधून क्ष-किरण आरपार जात नाहीत, त्यामुळे पोटातील अन्नाची सावली पडद्यावर दिसते. मांजराच्या जठरात एकामागून एक उठणाऱ्या लाटा कॅनन यांना स्पष्ट दिसत. मात्र मधूनच या लाटा एकदम थांबत. नीट लक्ष दिल्यावर उलगडा झाला : मांजर बिथरले, की लाटा थांबतात, त्याला गोंजारून शांत केले, की काही वेळाने पुन्हा सुरू होतात.

दुसऱ्या एखाद्याने हा प्रयोगातला अडथळा मानून सोडून दिला असता. कॅनन यांनी त्याचाच पाठपुरावा केला. १९११ साली त्यांनी आणि दे ला पाझ यांनी शांत मांजराचे आणि भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर ठेवलेल्या मांजराचे रक्त तपासले. त्या काळी ऍड्रिनॅलिन मोजण्याचे नाजूक उपकरण नव्हते. म्हणून त्यांनी आतड्याच्या स्नायूची एक पट्टी वापरली. ही पट्टी एरवी तालात आकुंचन पावत असते. ऍड्रिनॅलिन मिळाले की सैल पडते. शांत मांजराच्या रक्तात ती हलत राहिली, घाबरलेल्या मांजराच्या रक्तात सैल पडली. भीती ही केवळ मनातली गोष्ट नसून ती रक्तात उतरते, याचा हा पुरावा होता.

मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ऍड्रिनॅलिन सोडतात. हृदयाची गती वाढते, यकृतातून साखर रक्तात येते, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते, पचन थांबते. 'लढा किंवा पळा' यासाठी शरीराची ही तयारी असते, असे कॅनन यांनी १९१५ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले.

या ग्रंथातील एक नोंद शिक्षकांनी आवर्जून वाचावी अशी आहे. वैद्यकाच्या ज्या ९ विद्यार्थ्यांच्या लघवीत एरवी साखर नसे, त्यांच्यापैकी ४ जणांच्या लघवीत एका अवघड परीक्षेनंतर साखर सापडली. सोप्या परीक्षेनंतर ती फक्त एकाच्या लघवीत होती. हार्वर्डच्या फुटबॉल चमूतील २५ खेळाडूंची मोसमातील अखेरच्या, सर्वांत चुरशीच्या सामन्यानंतर अशीच तपासणी केली, तेव्हा १२ जणांच्या लघवीत साखर आढळली. त्यांतले ५ राखीव खेळाडू होते; ते मैदानात उतरलेही नव्हते. म्हणजे शरीराने पळण्याची पूर्ण तयारी केली होती, पण पळायचे मात्र नव्हते. बाकावर बसून पेपर लिहिणाऱ्या मुलाची अवस्था नेमकी हीच असते.

उंदरांच्या तीन खुणा

कथेचा दुसरा भाग कॅनडातला आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात १९३०च्या दशकात हान्स सेल्ये हे तरुण संशोधक एका नव्या संप्रेरकाच्या शोधात होते. बीजांडकोशाचा अर्क टोचल्यावर उंदरांत तीन बदल दिसले : अधिवृक्क ग्रंथींचे बाह्यक सुजले, थायमस ग्रंथी आक्रसली आणि जठराला व्रण पडले. नवे संप्रेरक सापडले असे त्यांना वाटले. पण दुसऱ्या अवयवांच्या अर्कांनीही तेच बदल झाले. शेवटी साधे फॉर्मॅलिन टोचून पाहिले, तरी तेच! नवे संप्रेरक मिळण्याची आशा संपली.

येथे सेल्ये यांना आपल्या विद्यार्थिदशेतील एक विचार आठवला. वेगवेगळ्या रोगांचे रुग्ण पाहताना त्यांच्या मनात आले होते, की रोग कोणताही असो, सगळे रुग्ण 'आजारी' दिसतात. हे 'नुसते आजारी असणे' म्हणजेच उंदरांतील या तीन खुणा नसतील ना? त्यांनी उंदरांना थंडीत ठेवले, शस्त्रक्रियेची इजा केली, दमेपर्यंत पळवले, औषधांच्या मोठ्या मात्रा दिल्या. खुणा त्याच. १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांचे जेमतेम एका पानाचे पत्र प्रसिद्ध झाले. संकट कोणतेही असो, शरीराचे उत्तर एकच असते : आधी धोक्याची घंटा, मग प्रतिकार आणि संकट टळलेच नाही तर शेवटी थकवा.

या प्रतिसादाला सेल्ये पुढे 'स्ट्रेस' म्हणू लागले. हा शब्द पदार्थविज्ञानातला. तेथे प्रतिबल म्हणजे पदार्थाच्या एकक क्षेत्रफळावर येणारे बल, आणि त्यामुळे पदार्थाच्या आकारात होणारा बदल म्हणजे विकृती. सेल्ये यांना अभिप्रेत होता शरीरात होणारा बदल, आणि शब्द निवडला बलाचा. हा गोंधळ आजही आपल्या बोलण्यात आहे. 'कामाचा ताण आहे' म्हणताना आपण कामाविषयी बोलतो, आणि 'मला ताण आला आहे' म्हणताना स्वतःविषयी. उपाय शोधताना मात्र हा फरक महत्त्वाचा ठरतो. बदलायचे काय : काम, की आपण?

उपाशी माकडे आणि चाक फिरवणारा उंदीर

सेल्ये यांची मांडणी डोलदार होती, पण ती पूर्ण बरोबर नव्हती. जॉन मेसन या अमेरिकी संशोधकाने १९६०च्या दशकाअखेरीस एक साधा प्रश्न विचारला. उपाशी ठेवलेल्या माकडाच्या शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात. पण ती उपासाने वाढतात, की शेजारच्या पिंजऱ्यातील माकडांना खायला मिळाले आणि आपल्याला नाही, याने? त्यांनी काही माकडांना वेगळ्या शांत खोलीत ठेवले आणि फळांच्या स्वादाच्या, पण काहीच पोषण नसलेल्या गोळ्या दिल्या. पोषण मिळत नव्हतेच. तरीही संप्रेरकांची वाढ बरीचशी ओसरली. म्हणजे शरीराचे उत्तर केवळ संकटाला नव्हते, तर संकटाच्या जाणिवेला होते.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जे वाइस यांनी याच सुमारास आणखी पुढची पायरी गाठली. दोन उंदरांच्या शेपटीला एकाच तारेतून, एकाच वेळी, सारखाच विजेचा झटका बसे. एका उंदराला चाक फिरवून तो झटका टाळता किंवा थांबवता येई, आणि त्याबरोबर दुसऱ्याचाही थांबे. दुसऱ्याच्या हातात काहीच नव्हते. तिसरा उंदीर तुलनेसाठी, त्याला झटका नाही. झटके दोघांना अगदी सारखे बसले. पण जठरातील व्रण असहाय उंदरात कितीतरी अधिक निघाले. आणखी एका प्रयोगात झटक्याआधी इशारा मिळणाऱ्या उंदरांना इशारा न मिळणाऱ्यांपेक्षा कमी व्रण झाले.

संकट केवढे, याइतकेच दोन प्रश्न महत्त्वाचे ठरले : ते केव्हा येणार हे कळते का? आणि आपल्याला त्याबाबत काही करता येते का?

साहेब आणि शिपाई

उंदरांचे निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. म्हणून लंडनच्या व्हाइटहॉल पाहणीचे महत्त्व आहे. १९६७ साली सुमारे १८,००० पुरुष सरकारी नोकरांची तपासणी सुरू झाली. त्या काळची समजूत अशी होती, की ताण असतो तो मोठ्या साहेबाला. निर्णय त्याला घ्यावे लागतात, हृदयविकारही त्यालाच होतो. निष्कर्ष उलटा निघाला. सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होता, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर तो थोडा थोडा वाढत होता. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांतील फरक जमेस धरले, तरी ही तफावत पूर्णपणे उलगडत नव्हती. म्हणून १९८५ साली १०,३०८ स्त्री-पुरुष नोकरांची दुसरी पाहणी हाती घेतली गेली. आपल्या कामावर आपला अंमल किती, या गोष्टीचा हृदयविकाराशी संबंध तिच्यातून पुढे आला. वाइस यांच्या उंदराचे चाक येथे कचेरीत भेटले, असे म्हणायला हरकत नाही.

घरच्या ताणाची नोंद विज्ञानाने जरा उशिराच घेतली. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम केली. दुसऱ्या गटाची जखम भरायला सरासरी ३९ दिवस लागले. सेवा करणाऱ्या स्त्रियांना जवळजवळ ४९. याच गटाने १९९८ साली दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर अशीच जखम केली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळी ती भरायला सुमारे ४० टक्के अधिक वेळ लागला. अभ्यास लहान आहेत, पण 'हे सगळे मनाचे खेळ' असे म्हणणाऱ्यांना दाखवण्यासारखे आहेत.

दोन इशारे

या इतिहासात सावध करणाऱ्या दोन गोष्टीही आहेत. जठरव्रण म्हणजे काळजीचा रोग, ही समजूत अनेक दशके डॉक्टरांतही होती. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी दाखवले, की बहुतेक जठरव्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो, आणि तो प्रतिजैविकांनी बरा होतो. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कारण सापडत नसले, की ताणाकडे बोट दाखवायचे, ही सवय रुग्णाला महागात पडू शकते. छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांकडेच जावे.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. सेल्ये यांच्या संशोधनाला तंबाखू उद्योगाने पैसा पुरवला होता, हे पुढे कंपन्यांची कागदपत्रे खुली झाल्यावर उघड झाले. हृदयविकाराचे मूळ ताणात आहे आणि सिगारेट ताण हलका करते, हा युक्तिवाद त्या उद्योगाला हवाच होता. शास्त्रज्ञ मोठा असला, तरी त्याच्या निष्कर्षाचा फायदा कोणाला होतो, हे विचारायला आपण मुलांना शिकवले पाहिजे.

वर्गात आणि घरात

मग करायचे काय? ताण मुळातून नाहीसा करणे हे उद्दिष्ट नव्हेच. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन यांना उंदरांच्या शिकण्याच्या प्रयोगात असे आढळले, की सोपी गोष्ट शिकताना जोराचा झटका उपयोगी पडतो, पण अवघड गोष्ट शिकताना मध्यम झटकाच चांगला. मुलांवर विजेचे झटके कोणी वापरत नाही. पण दरडावून पाढे पाठ होतील, भूमितीचा अवघड रायडर सुटणार नाही, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही.

वाइस यांचे दोन प्रश्न वर्गात सहज लावता येतात. चाचणी कधी, कशावर आणि गुण कसे देणार, हे आधी फळ्यावर लिहून ठेवणे म्हणजे इशारा देणे. पाचपैकी कोणतेही तीन प्रश्न सोडवा, किंवा प्रकल्पाचा विषय तुम्हीच निवडा, असे सांगणे म्हणजे मुलाच्या हाती चाक देणे. यांना खर्च नाही आणि अभ्यासाचा दर्जाही उतरत नाही. परीक्षेआधी छातीत धडधडणे हे आपण नापास होणार याचे लक्षण नसून शरीराने केलेली तयारी आहे, हे कॅनन यांची गोष्ट सांगून मुलांना समजावता येते. धडधड थांबली नाही, तरी तिची भीती कमी होते.

शिक्षकांच्या बाबतीतही तेच. दीर्घ, संथ श्वसन, पायी फिरणे, पुरेशी झोप यांनी शरीर शांत व्हायला मदत होते, यात शंका नाही. पण ऐनवेळी आलेली परिपत्रके आणि शिकवण्याशी संबंध नसलेली कामे प्राणायामाने कमी होत नाहीत. त्यासाठी वेळापत्रक ठरवताना शिक्षकांचे मत घेणारा मुख्याध्यापक लागतो. घरी आजारी माणसाची सेवा एकटीच्या अंगावर असेल, तर तिला 'शांत राहा' असे सांगण्यापेक्षा आठवड्यातले दोन दिवस ते काम दुसऱ्याने उचलणे हा खरा उपाय. आणि झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो कमकुवतपणा समजू नये. १४४१६ या क्रमांकावर २०२२ सालापासून सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा उपलब्ध आहे.

येत्या चाचणीपूर्वी एक करून पाहावे. मुलांना एका कागदावर, नाव न घालता, परीक्षेबाबत सर्वांत जास्त काळजी कशाची वाटते ते लिहायला सांगावे. मग कागदांचे दोन गठ्ठे करावेत : जे आपण शिक्षक बदलू शकतो ते एका बाजूला, उरलेले दुसऱ्या बाजूला. पहिला गठ्ठा पुष्कळदा आपल्या अंदाजापेक्षा जाड निघेल, असे आम्हाला वाटते. वाचकांनी आपापले गठ्ठे मोजून आम्हाला जरूर कळवावे.