कापलेल्या मोटारींचा इतिहास

जुन्या मोटारीची मालवाहू गाडी झाली म्हटले की आपल्याकडे एक कथा हमखास सांगितली जाते. लंडनच्या दुकानात अपमान झालेल्या एका संस्थानिकाने रोल्स-रॉइसचा ताफा विकत घेतला आणि त्या गाड्या शहराचा कचरा वाहण्यास जुंपल्या, ही ती कथा. कधी ती अलवरच्या नावावर असते, कधी दुसऱ्या कोणाच्या. तिला विश्वसनीय कागदोपत्री आधार नाही. तरीही ती टिकली, कारण तीत एका राजाचा मान गुंतलेला आहे. ज्यांनी खरोखरच आपल्या मोटारी कापून त्यांना मागे हौदा बसवला, त्यांच्या वाट्याला अशी कथा आली नाही. ते बहुतांशी शेतकरी, दुकानदार आणि गॅरेजवाले होते, आणि त्यांच्यापैकी फार मोठा वर्ग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकेत होता. आम्हांस येथे त्यांच्याविषयी लिहावयाचे आहे.

फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ साली बाजारात आली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. प्रारंभी सुमारे ८५० डॉलर असलेली किंमत १९२५ च्या सुमारास सर्वांत साध्या नमुन्यासाठी २६० डॉलरवर आली. मोटार अशा रीतीने शेतापर्यंत पोहोचली. परंतु शेतकऱ्याने तिच्याकडे प्रवासाचे साधन एवढ्याच दृष्टीने पाहिले नाही. त्याच्या लेखी ते एक इंजिन होते. मागचे चाक उचलून धरावे, त्यावर पट्टा चढवावा आणि लाकूड कापण्याचे किंवा कपडे धुण्याचे यंत्र चालवावे, हे उद्योग तेथे सर्रास चालत. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच या अभ्यासकांनी १९९६ मध्ये याच ग्रामीण मोटारीवर निबंध लिहिला. वस्तू कारखान्यातून बाहेर पडली म्हणजे तिचा अर्थ कायमचा ठरला असे होत नाही, वापरणारेही तो घडवीत असतात, हा त्यांचा मुद्दा होता. मोटारीचा हौदा होणे ही याच घडवण्याची पुढची पायरी होय.

हे शक्य झाले ते त्या काळच्या बांधणीमुळे. चासी स्वतंत्र असे. इंजिन, चाके आणि पाटे तिलाच जोडलेले असत. वरची बॉडी बोल्टांनी आवळलेली आणि बहुधा लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेली असे. म्हणजे जे काम पुढे वेल्डिंगवाल्याचे झाले, ते तेव्हा गावच्या सुताराला आणि लोहाराला जमण्यासारखे होते. पुढच्या आसनामागे बॉडी कापावयाची, उघडी पडलेली पाठ फळ्यांनी बंद करावयाची, मागच्या चाकांवर फाळक्यांचा हौदा उभा करावयाचा आणि वजन पेलावे म्हणून पाट्यांत एखाद-दुसरा पाटा वाढवावयाचा. ज्यांना अधिक भार वाहावयाचा होता त्यांच्यासाठी 'स्मिथ फॉर्म-अ-ट्रक' सारखे तयार संच विकत मिळत. त्यात चासी मागे लांबवून तिला साखळीने फिरणारी दणकट चाके जोडली जात आणि मॉडेल टीचा एक टनी ट्रक तयार होई. फोर्डने स्वतःचा एक टनी 'टीटी' सांगाडा १९१७ मध्ये आणला, तोवर हा धंदा चांगला रुळला होता.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. दोन आसनी गाडीच्या पाठीवर बसवता-काढता येणारी पेटीही मिळे. ती वापरणाऱ्याची मोटार मोटारच राहत असे. करवत चालवणाऱ्याला मात्र मागे फिरण्याची सोय नव्हती. कापले जात असे ते मागचे आसन, म्हणजे मुलांची, आजीची, रविवारी चर्चला जाणाऱ्या कुटुंबाची जागा. त्या घरापुरता एक निर्णय झालेला असे : आता या गाडीतून माणसांपेक्षा माल जाणे अधिक निकडीचे आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतातल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्ड कंपनीला पाठवलेल्या पत्राची हकीकत प्रसिद्ध आहे. रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी एकच गाडी तिला हवी होती. फोर्डच्या जिलाँग येथील कारखान्यात ल्यू बँट या तरुण आरेखकाने आखलेली 'यूट' १९३४ मध्ये बाहेर पडली. अमेरिकेत फोर्डने त्याआधीच, १९२५ साली, मॉडेल टीला हौदा बसवून २८१ डॉलरला विकावयास आरंभ केला होता. कारखान्याने पिकअप शोधून काढली असे म्हणण्याऐवजी, कोठारामागे आधीच तयार झालेली पिकअप त्याने पाहिली असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

१९२९ च्या मंदीनंतर या करवतीला धार आली. त्या वर्षी अमेरिकेत सुमारे ५३ लाख वाहने बनली होती. १९३२ मध्ये जेमतेम १३ लाख. नवी गाडी घेणे दुरापास्त झाले आणि जुन्या मोठ्या मोटारी कवडीमोल झाल्या. त्या पेट्रोल फार पीत, दिसावयास जुनाट होत्या. पण त्यांची चासी भक्कम आणि इंजिन ताकदवान असे. जॉन स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' (१९३९) या कादंबरीतील जोड कुटुंब ओक्लाहोमा सोडून कॅलिफोर्नियाला निघते ते अशाच एका हडसन सेडानमधून. वरचा भाग कापून तिच्यावर हौदा चढवलेला आहे. तेरा माणसे आणि उरलासुरला संसार तीत मावतो. जमीन गेलेली, घर गेलेले. कुटुंबाची बैठक आता त्या गाडीपाशी भरते. कादंबरीकाराने गाडी निवडली ती काळाला नेमकी धरून.

मोठ्या मोटारीला दुसरा जन्म देण्यात गॅरेजवालेही मागे नव्हते. टेनेसीतील चॅटनूगा गावच्या अर्नेस्ट होम्सने १९१६ मध्ये १९१३ सालच्या कॅडिलॅकवर यारी बसवून बंद पडलेल्या गाड्या ओढणारी गाडी तयार केली. पुढे जगभर पसरलेल्या एका वाहनप्रकाराची सुरुवात अशी कापाकापीतून झाली.

स्वीडनमध्ये तर या गाड्यांना सरकारी मान्यता मिळाली. युद्धकाळात ट्रॅक्टरांची टंचाई होती, म्हणून जुनी मोटार कापून केलेला ट्रॅक्टर १९४० च्या सुमारास नियमांत बसवला गेला. स्वस्त मालाच्या 'ईपीए' या दुकानांवरून लोकांनी त्याला 'ईपीए ट्रॅक्टर' म्हटले. नावातच थोडी थट्टा होती. गती कमी राखण्यासाठी दोन गिअरबॉक्स एकामागे एक जोडण्याची युक्ती तेथे रूढ झाली. १९७५ मध्ये नव्या नोंदी थांबून 'ए-ट्रॅक्टर' हा वर्ग आला. आज ताशी ३० किलोमीटरच्या मर्यादेत तो चालवणारी बहुतेक पंधरा-सोळा वर्षांची मुले आहेत. गरजेची वस्तू तीन पिढ्यांत हौसेची झाली.

आता प्रश्न उरतो तो या गाड्यांचे काय करावे हा. कोठारात सापडलेली कापलेली मोटार आजचा संग्राहक बहुधा 'मूळ' रूपात आणतो. हौदा फेकला जातो, नवी मागची बॉडी घडवली जाते, कारखान्याच्या रंगाशी रंग जुळवला जातो. यात कौशल्य असते आणि प्रेमही असते. एखाद्या नमुन्याची दुसरी गाडीच उरलेली नसेल, तर असे पुनरुज्जीवन आम्हीही समजू शकतो. परंतु मॉडेल टीसारख्या, लाखोंनी उरलेल्या नसल्या तरी विपुल आढळणाऱ्या, गाडीबाबत हा युक्तिवाद लंगडा पडतो. कारखान्यातून निघालेल्या दिवशी ती कशी होती हे सांगणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. त्यानंतरची वीस वर्षे तिने कशी काढली हे सांगणाऱ्या थोड्या आहेत, आणि त्याच आपण कमी करीत आहोत. जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने मान्य केलेल्या तुरिन सनदेचा कल, गाडी नवी करण्यापेक्षा हाती आलेली गाडी जपण्याकडे आहे. तो कल कापलेल्या गाडीलाही लागू व्हावा.

गरिबीचे कौतुक करावे असे आम्ही म्हणत नाही. परवडले असते तर त्या शेतकऱ्याने तयार ट्रकच घेतला असता आणि मागचे आसन मुलांसाठी ठेवले असते. पण त्याने रोजनिशी लिहिली नाही. त्याच्या घरी काय अडले होते आणि त्यावर काय ठरले, हे अनेकदा त्या वाकड्या करवतीच्या रेषेतच तेवढे उरले आहे. तेव्हा ज्याला गाडी पूर्ववत करावयाचीच आहे त्याने निदान आधी तिची छायाचित्रे घ्यावीत, हौद्याची मापे टिपावीत, कोणते लाकूड, कोणते खिळे वापरले ते नोंदवावे आणि तो हौदा जाळू नये. एवढे केले तरी पुढच्या अभ्यासकाला विचारण्यासाठी काही शिल्लक राहील.